दारात पाणी: ब्रूक इन वॉटरलँडमधल्या भाड्याच्या घरात पंधरा महिने

या घरात येऊन पंधरा महिने झाले. चारही ऋतू काढल्याशिवाय काही लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण मे महिन्यात इथलं कुठलंही घर बघायला गेलात तर डोळे झाकून सही कराल. आम्ही पाहिलं ते फेब्रुवारीत, पाऊस आणि वारा एकदमच अंगावर येत असताना, आणि तरीही घेतलं.

आधी तीन वर्षं आम्ही नेदरलँड्समध्येच, आम्सटरडॅमला लागून असलेल्या आम्स्टलफेनला फ्लॅटमध्ये होतो. तिथे मराठी शेजार, किराणा, गणपती, सगळं हाताशी होतं. ब्रूक इन वॉटरलँड हे आम्सटरडॅमच्या उत्तरेला दहाएक किलोमीटरवरचं जुनं गाव. मधोमध हावनराक नावाचं तळं, त्याच्या कडेने लाकडी घरं, बरीचशी करड्या रंगाची. हा ‘ब्रूकचा करडा’ रंग इथे प्रसिद्ध आहे. जमीन पीटची, म्हणजे कुजक्या वनस्पतींची, पाणी प्यायलेल्या स्पंजासारखी मऊ. तिच्यावर विटांचं ओझं नको म्हणून पूर्वी लाकडाची घरं बांधत. आमचं घर तसंच आहे. मागच्या दाराबाहेर आठ पावलं बाग, मग लाकडी धक्का आणि त्यापलीकडे पाणी.

आम्ही सांगलीचे. पाणी दारात येणं याचा आमच्याकडे एकच अर्थ. २०१९ च्या ऑगस्टमध्ये माहेरचं सामान माळ्यावर चढवताना मी तिथेच होते. आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांवर गेलं होतं आणि जो तो फोनवर एवढंच विचारत होता, ‘आता किती फूट?’ त्यामुळे नवरा या घरावर खूश झाला तेव्हा माझ्या पोटात गोळा आला होता. नकाशात बघितलं तर आजूबाजूची कुरणं समुद्रसपाटीच्याही खाली.

गेल्या जुलैत आई आली होती. दोन दिवस धो धो पाऊस झाला. पहिल्या दिवशी सकाळी चहाच्या आधीच ती धक्क्यावर गेली आणि जुन्या साडीची चिंधी फाडून पाण्याच्या पातळीला खांबाला बांधून आली. दुसऱ्या दिवशी चिंधी चार बोटं पाण्याखाली होती. आई गप्प. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी चिंधी परत वर, ओली, पण पाण्याबाहेर. ‘हे कोण उपसतं गं?’ तिने विचारलं. मला तेव्हा नीट सांगता आलं नाही. नंतर शोधून काढलं. उपसतं इथलं पाणीमंडळ, डच भाषेत ‘वॉटरस्खाप’. कुरणांमधल्या चरांतलं जास्तीचं पाणी पंप लावून मोठ्या कालव्यात आणि तिथून पुढे टाकत राहायचं, हे काम रात्रंदिवस चालतं. १९१६ च्या जानेवारीत झाउडरझे या आत घुसलेल्या समुद्राचे बांध फुटून हा सगळा मुलूख पाण्याखाली गेला होता. त्यानंतर मोठा बांध घालायचा निर्णय पक्का झाला, १९३२ मध्ये तो पुरा झाला आणि त्या समुद्राचं तळं झालं. वर्षातून एकदा पाणीमंडळाचं बिल येतं. त्यात एक भाग पाणी राखण्याचा, दुसरा सांडपाणी शुद्ध करण्याचा. सांडपाण्याच्या भागासाठी घरात एकटं माणूस असेल तर १ एकक, दोघं किंवा जास्त असतील तर ३ एककं. भाडेकरूलाही ते भरावं लागतं. घराचं बजेट मांडताना हे आणि नगरपालिकेचा कचराकर धरायला बहुतेक जण विसरतात. मी मात्र हे बिल मनापासून भरते.

आता कराराकडे. १ जुलै २०२४ पासून इथे भाडेकरार साधारणपणे बेमुदतच करावा लागतो. आमचा मुदतीचा आहे, कारण मालक नोकरीसाठी दोन वर्षं परदेशात आहेत आणि परत याच घरात राहायला येणार आहेत. त्यासाठी करारात एक वेगळं कलम असतं, कायद्याला ते चालतं. पण ते कलम नीट वाचा. मालक खरंच परत येणार असल्याचं त्यात स्पष्ट लिहिलेलं हवं. अनामत, म्हणजे ‘बोर्ख’, मूळ भाड्याच्या दोन महिन्यांपेक्षा जास्त मागता येत नाही. आम्हाला एजंटने वर एक महिन्याचं कमिशनही मागितलं होतं. घर मालकाच्या वतीने जाहिरातीत टाकणारा एजंट भाडेकरूकडून कमिशन घेऊ शकत नाही, हे नवऱ्याला एका सहकाऱ्याकडून कळलं. कायद्याचा उल्लेख करून दोन ओळींची सभ्य मेल लिहिली, मागणी मुकाट्याने मागे घेतली गेली. नवे लोक घाबरून भरून टाकतात, म्हणून मुद्दाम लिहिते आहे.

घर ‘खेस्टोफेर्ड’ मिळालं, म्हणजे जमिनीवर लाकडी आच्छादन आणि खिडक्यांना पडदे होते, फर्निचर नव्हतं. ‘काल’ म्हणून घर मिळालं तर नुसत्या भिंती मिळतात, कधीकधी दिव्यांसाठी लोंबणाऱ्या तारांशिवाय काही नसतं. भाडं कमी दिसलं तरी हा खर्च आधी मांडून बघा.

बागेचं म्हणाल तर एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. पाण्याकडेच्या घरांना पाण्याच्या चराच्या आपल्या बाजूचं गवत आणि शेवाळ काढायची जबाबदारी असते आणि शरद ऋतूत पाणीमंडळाची माणसं पाहणी करतात. त्या पाहणीला ‘स्खाऊ’ म्हणतात. करारात ‘बाग भाडेकरूने राखायची’ एवढंच लिहिलं होतं. काठाचं काय? मालकांना विचारून लेखी ठरवून घेतलं: गवत आम्ही काढायचं, काठाला ठोकलेल्या फळ्या कुजल्या तर खर्च त्यांचा. शेजारच्या आजींनी लांब दांड्याचं दंताळं दिलं आणि ऑक्टोबरमधल्या एका शनिवारी आम्ही दोघांनी चिखलाने माखून ते काम केलं. ओढून काढलेल्या गवतात गोगलगायी आणि इवले मासे असतात, म्हणून ते काठावर जरा वेळ राहू द्यायचं, जीव परत पाण्यात जातात. हेही आजींनीच सांगितलं.

या घराची खरी अडचण ओल. खिडक्यांना एकेरी काच, घर जुनं, बाजूला पाणी. नोव्हेंबरमध्ये उत्तरेच्या खोलीत कपाटामागे काळे डाग दिसले. मुलीचे हिवाळी कपडे त्याच कपाटात होते, सगळ्यांना कुबट वास. मालकांचं म्हणणं, तुम्ही कपडे घरात वाळवता. वाळवतो, कारण बाहेर वाळत नाहीत. सुदैवाने राहायला आलो त्या दिवशीच प्रत्येक भिंतीचे तारखेसह फोटो काढून ठेवले होते आणि आर्द्रता मोजायचं छोटं यंत्रही होतं. महिनाभराच्या नोंदी पाठवल्या. जानेवारीत त्यांनी बाथरूममध्ये हवा बाहेर टाकणारा पंखा बसवून दिला. फरक पडला, पण ओल पूर्ण गेलेली नाही. दमा असलेलं कुणी घरात असेल तर असं घर घेऊ नका, हे मी स्पष्ट सांगेन. हिवाळ्यात गॅसचं बिलही फ्लॅटच्या मानाने बरंच जास्त आलं.

बसने आम्सटरडॅम सेंट्रलला पंधरा-वीस मिनिटं लागतात आणि बस सतत असते. त्या बाबतीत तक्रार नाही. उन्हाळ्यात नवरा सायकलने जातो आणि आय नावाच्या पाण्यावरची फुकट फेरीबोट घेतो. वारा समोरून असला तर घामाघूम होतो.

शांतता मात्र विचारपूर्वक घ्या. डिसेंबरमध्ये साडेचारला अंधार पडतो, रस्त्यावर चिटपाखरू नसतं आणि मराठीत दोन शब्द बोलायला फोनच उचलावा लागतो. पहिल्या हिवाळ्यात मला ते जड गेलं. मी खरंच रडले आहे. दर शनिवारी आम्स्टलफेनला जाऊन मेथी, कढीपत्ता आणि मैत्रिणींच्या गप्पा असं सगळं एकदम भरून आणते.

लहान मूल असेल तर घर शोधायच्या आधी पोहण्याच्या वर्गाच्या यादीत नाव घाला. आमची मुलगी पाच वर्षांची. आम्ही आलो तेव्हा धक्क्याला जाळी लावून घेतली, तरी तिला एकटीला कधी बागेत सोडलं नाही. वर्गात नंबर लागायला सात महिने गेले. इथे ए, बी, सी अशा पोहण्याच्या तीन पदविका असतात. ‘ए’च्या परीक्षेत मुलांना कपडे-बूट घालून पाण्यात उतरावं लागतं आणि पाण्याखाली पडद्याला असलेल्या भोकातून पलीकडे जावं लागतं. मार्चमध्ये ती भिजलेल्या जीन्ससकट वर आली तेव्हा मी काठावर श्वास रोखून उभी होते. त्या रात्री या घरात आल्यापासूनची पहिली शांत झोप लागली.

त्याच आठवड्यात ग्रुटो परतले. लांब चोचीचे, तांबूस मानेचे हे पक्षी हिवाळा आफ्रिकेत नाहीतर स्पेन-पोर्तुगालकडे काढतात आणि मार्चमध्ये या ओल्या कुरणांत अंडी घालायला येतात. स्वतःचंच नाव ओरडत उडतात, ‘ग्रुटो, ग्रुटो’. सकाळी खिडकी उघडली की तेवढाच आवाज.

येत्या फेब्रुवारीत मालक परत येतील. या गावात भाड्याची घरं फार कमी निघतात. मुलीची शाळा इथली, तिची डच आमच्यापेक्षा चांगली झाली आहे आणि तिला दुसरीकडे जायचं नाही. मलाही नाही. दुहेरी काचेचं, थोडं कोरडं घर याच पाण्याकडेला मिळालं तर बघतो आहोत. शेजारच्या आजींना सांगून ठेवलं आहे, कुणी घर रिकामं करणार असेल तर जाहिरात लागायच्या आधी आम्हाला हाक मारा.