बारा किलोच्या बॅटरीत आठ किलो वाळू

2005 आणि 2019, दोन्ही पुरांत आमच्या सांगलीच्या घरात कृष्णा शिरली. निवृत्तीनंतर म्हटलं, आता घरच तरंगतं घ्यावं. हिनं कपाळाला हात लावला. तरी रत्नागिरीजवळच्या खाडीत एक जुनी फायबरची बोट घेतली. ऑक्टोबर ते मे तिच्यावरच राहायचं, किनाऱ्याची वीज घ्यायची नाही, असा बेत.

छोटा फ्रिज, पंखा, दिवे, रेडिओ आणि बोटीत साचलेलं पाणी उपसायचा पंप मिळून दिवसाला दीड युनिट लागणार होतं. ढग राहिले तरी तीन दिवस निघावेत म्हणून 12 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरच्या चार लिथियम फॉस्फेट बॅटऱ्या हव्या होत्या. एकीत 1.28 युनिट, म्हणजे चारांत पाच युनिट.

मिरज रस्त्यावर एकानं 19,000 ला एक सांगितली. "बिल घेतलं तर जीएसटी लागणार काका, कशाला उगाच?" 10,000 यूपीआयनं दिले, 66,000 रोख. बिल घेतलं नाही. चूक माझीच, हाव सुटली.

पारख केली नाही असं मात्र नाही. अस्सल बॅटरी अकरा-बारा किलोची असते हे वाचलं होतं, म्हणून मार्केट यार्डात ओळखीच्या हळदवाल्याच्या काट्यावर ठेवली. बरोब्बर 12 किलो. मीटरवर 13.2 व्होल्ट. मोबाइलच्या अॅपवर 100 अँपिअर-अवर. यातलं काहीच उपयोगाचं नाही, हे आता कळतंय. या बॅटरीचा व्होल्टेज अगदी संपत येईपर्यंत फारसा हलत नाही आणि अॅपमधला आकडा विकणाराच भरू शकतो.

भाचा वायरमन. तो म्हणाला, "मामा, बोटीवर चढवायच्या आधी दिवा लावून बघू." बॅटरी पूर्ण चार्ज करून तिला गाडीच्या हेडलाइटचा 60 वॅटचा बल्ब जोडला. (फरशीवर ठेवा, भयंकर तापतो.) हा बल्ब साधारण 5 अँपिअर ओढतो, म्हणजे वीस तास जळायला हवा. सकाळी सातला लावला आणि पाऊण वाजता विझला. दुसऱ्या बॅटरीचंही तेच.

एक फोडली. आत बॅटरीवर चालणाऱ्या फवारणी पंपात असतात तसले 6 अँपिअर-अवरचे गोल सेल, वीस. चार-चारच्या पाच ओळी. एका ओळीत चार जोडले की व्होल्टेज वाढतो, अँपिअर-अवर सहाच राहतात, म्हणजे पाच ओळींचे मिळून 30. उरलेल्या जागेत प्लास्टिकच्या पिशवीत वाळू, चांगली आठ किलो. चारही मिळून दीड युनिट, जेमतेम एक दिवस. रात्री नांगर टाकून झोपलोय आणि पाणी उपसायचा पंप बंद पडलाय, हे डोळ्यांसमोर आल्यावर पैशांचं दुःख मागं पडलं.

दुकानदार म्हणतो, तुम्हीच फोडली, वॉरंटी गेली. तेव्हा फोडण्याआधी दिव्याच्या चाचणीचा घड्याळासकट व्हिडिओ काढा; आम्ही पहिल्या वेळी काढला नाही. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आहे. जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत जाता येतं आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. बिल नसल्यानं हातात आहे ते एवढंच: यूपीआयची नोंद आणि व्हॉट्सअॅपवर त्यानं लिहिलेलं "100 अँपिअर गॅरंटीड काका".

उरलेल्या तीन बॅटऱ्या फोडल्या नाहीत. तिसरीचा दिवा आज सकाळी कॅमेऱ्यासमोर लावलाय.