लेकीच्या दाढेवरची स्टीलची कॅप: उन्हाळा ते संक्रांत वापरून झाल्यावर

कॅप कशी दिसते हे लहान पोरांच्या आईबापांना सांगायला नको, बऱ्याच घरांत दुधाच्या दाढांवर एखादी चमकतच असते. आमच्या लेकीला मात्र ती कायमच्या दाढेवर बसवलीये, सहाव्या वर्षाच्या आसपास मागून येते त्या दाढेवर, आणि त्याबद्दल मराठीत कुणी लिहिलेलं मला तरी सापडलं नाही. लिहायला बसलो कारण काल रात्री पुन्हा कॅपच्या पुढच्या फटीतून मेथीची दांडी काढत बसलो होतो, ती तोंड उघडून रडतेय, मी मोबाईलचा टॉर्च धरलाय आणि बायको मागून म्हणतेय की उद्या फोन कर डॉक्टरला.

थोडं मागचं सांगतो. ही दाढ कुठलाही दात न पडता गुपचूप मागून येते त्यामुळे घरात कुणाला पत्ताच नसतो. हिची आली तीच मळकट पिवळी, एका कोपऱ्यावर तपकिरी. त्यानंतर माठातलं पाणी नको, कुल्फी नको, ब्रश त्या बाजूला गेला की हात झटकायची. घराजवळच्या दवाखान्यात (नाव घेत नाही) कीड आहे म्हणून पांढरी फिलिंग भरली, दीड हजार. पहिल्यांदा तर इंजेक्शन देऊनही पोरगी ओरडत होती आणि तिथले डॉक्टर म्हणाले नाटकं करतेय. काही आठवड्यांत फिलिंगच्या कडेने दाताचाच तुकडा उडाला. परत भरलं, परत पैसे. मी विचारलं, वॉरंटी वगैरे काही? तर हसले. दोन हजाराच्या मिक्सरला दोन वर्षं वॉरंटी मिळते आणि इथं दीड हजाराची फिलिंग दिवाळीपर्यंतही टिकत नाही, वर ऐकायचं की चॉकलेट खाल्लं असेल. चॉकलेट आमच्याकडे महिन्यातून एकदा येतं, तेही मी अर्धं खातो.

शेवटी मुलांच्या दातांच्या डॉक्टर शोधल्या, पेडो म्हणतात त्या, बीडीएसनंतर तीन वर्षं फक्त मुलांचेच दात शिकलेल्या. मॅडमनी आरव्हीजी (दाताचा छोटा डिजिटल एक्स-रे) काढला, दात वाळवून बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "पप्पा, ही दाढ किडून अशी झालेली नाही, कच्चीच उगवलीये. कीड नंतर शिरली." याला एमआयएच म्हणतात, मोलर इन्सायझर हायपोमिनरलायझेशन. दाढा आणि पुढचे दात अशा जोडीने बिघडतात म्हणून हे नाव, २००१ मध्ये पडलं, आणि जगभरात साधारण सात-आठ मुलांमागे एकाला असतं म्हणे. इतकं कॉमन असून मी नाव पहिल्यांदाच ऐकत होतो.

आता आमच्या घरची गंमत. आमचं मूळ गाव यवतमाळ जिल्ह्यात पांढरकवड्याकडे, तिकडच्या बोअरच्या पाण्यात फ्लोराइड, गावातल्या कित्येकांचे दात पिवळे. त्यामुळे आईचं निदान पहिल्या दिवसापासून पक्कं होतं: "आपल्या गावात सगळ्यायचेच दात तसे हायेत, पाणीच तसं हाय." पोरगी जन्मापासून नागपुरात नळाचं पाणी पितेय हे आई मानतच नाही. मॅडमनी मला आरशात दाखवलं. फ्लोरोसिस, म्हणजे फ्लोराइडमुळे दात डागाळणं, असेल तर पाण्याचा परिणाम दोन्ही बाजूंना सारखा होतो, एका वेळी तयार झालेल्या सगळ्याच दातांवर धूसर पांढऱ्या रेघा, कडा नीट न दिसणारे ढग. हिच्याकडे एक दाढ पार खराब, दुसऱ्या बाजूची बरी, वरच्या एका पुढच्या दातावर कडा स्पष्ट असलेला एकच मलईरंगी ठिपका, आणि शेजारच्या दुधाच्या दाढा स्वच्छ. पाणी काय एकच दाढ निवडून बसेल का? हे आईला सांगितलं, तिला पटलं नाही, तो विषय सोडा.

या दाढेचं इनॅमल (वरचं कडक आवरण) जन्माच्या सुमारास बनायला लागतं आणि तिसऱ्या वर्षापर्यंत दाढेचा वरचा भाग तयार होतो. त्या काळात मोठा ताप, वारंवार आजारपण, बाळंतपणातली अडचण असं काही झालं तर ते कच्चं राहू शकतं, थोडं आनुवंशिकही असतं, पण नेमकं एक कारण बोट दाखवून सांगता येत नाही. हिला पहिल्या वर्षी न्यूमोनिया झाला होता. तो असेल, नसेल. कच्च्या इनॅमलमध्ये खनिज कमी आणि प्रथिनं जास्त, म्हणून पांढरी फिलिंग त्याला नीट चिकटत नाही, कडेने सुटते. आणि आतली नस सतत चिडलेली असते म्हणून सुन्न करायचं इंजेक्शनही पुरेसं लागत नाही. म्हणजे पोरगी नाटकं करत नव्हती! हे ऐकलं तेव्हा आधीच्या दवाखान्याचा जो राग आला तो अजून उतरलेला नाही.

पर्याय सांगितले ते असे. तात्पुरतं जीआयसी (सिमेंटसारखं फिलिंग) भरून वाट बघायची, पण एवढा तुकडा उडालाय तर ते टिकणार नाही. स्टीलची कॅप, साडेतीन हजार. पांढरी झिरकोनियाची बरीच महाग, आणि तिच्यासाठी दात जास्त घासावा लागतो, जे आधीच कच्च्या दाताला परवडणारं नाही. रूट कॅनलची वेळ येऊ द्यायची नाही, कारण या वयात मुळांची टोकं उघडी असतात, मुळं पूर्ण व्हायला दाढ आल्यावर आणखी तीनेक वर्षं जातात. आणि दाढ अगदीच गेलेली असेल तर ओपीजी (पूर्ण जबड्याचा एक्स-रे) काढून, वाकड्या दातांच्या डॉक्टरांना विचारून, आठ ते दहा वर्षांच्या दरम्यान काढूनच टाकायची, म्हणजे बाराव्या वर्षाची दाढ सरकून त्या जागी येऊ शकते. हे शेवटचं ऐकून बायको खुर्चीतच सरळ झाली. मी स्टील म्हणालो. पैशासाठी म्हणालो, उगाच खोटं कशाला बोलू.

बसवण्याचा प्रकार बघण्यासारखा आहे. आधी दाढेच्या फटीत निळं रबर घालून दोन दिवस घरी पाठवलं, जागा व्हावी म्हणून. मग एक डबी उघडली, त्यात नंबर टाकलेल्या कॅपा, एक लावून बघ, सैल, दुसरी लाव, घट्ट. जमली ती पकडीने कडेला आत वळवली, आत सिमेंट भरलं आणि दाबली, बारीक टक् आवाज झाला. भोवतालची हिरडी पांढरीफटक पडली, माझ्या पोटात गोळा, तर मॅडम म्हणाल्या दाबामुळे होतं, होईल लाल. झाली. कापसाची गुंडाळी चावायला दिली आणि बाहेर आलेलं सिमेंट खरवडून काढलं. पोरीची तक्रार एकच, आंबट लागतंय. कॅपमध्ये निकेल असतं त्यामुळे पोराला खोट्या दागिन्यांची ॲलर्जी असेल तर आधी सांगा, आम्हाला विचारलं होतं.

पहिले काही दिवस "दात उंच झालाय" चाललं, मग आपोआप बंद. माठाचं पाणी सुरू. मे महिन्यात कुल्फी मागितली आणि त्याच बाजूने खाल्ली, मी बघत होतो.

आता मुद्द्याचं. फट. कॅप आणि तिच्या पुढची दुधाची दाढ यांच्यामध्ये फट राहिलीये आणि त्यात रोज काहीतरी जातं. मेथी, अंबाडी, तुरीच्या डाळीची सालं, संत्र्याचा धागा, आणि आम्ही नागपूरचे, संत्री काय बंद करणार. मटण असेल त्या रविवारी तर विचारूच नका. मॅडमनी फ्लॉसच्या (दातांच्या फटी साफ करायच्या दोऱ्याच्या) काड्या सांगितल्या, त्या धनुष्याच्या आकाराच्या प्लास्टिकच्या. पन्नासचं पाकीट दीडशे रुपये. रोज एक, म्हणजे तीन रुपये, वर्षाला हजाराच्या वर. पुढची दुधाची दाढ पडेपर्यंत हे चालणार, ती पडते दहा ते बाराच्या दरम्यान. म्हणजे चार वर्षं धरली तर साडेचार हजाराच्या घरात. कॅप साडेतीन हजाराची आणि तिच्या फटीतला कचरा काढायला साडेचार हजार!! मी हा हिशोब बायकोला कागदावर लिहून दाखवला, तिने त्याच कागदावर किराणा लिहिला.

इथवर आज सकाळी लिहिलं होतं आणि याला पाचपैकी तीनच देणार होतो. संध्याकाळी फोन झाला, मॅडमनी बोलावलं, जाऊन आलो, आता पुढचं लिहितोय.

हिरडी थोडी सुजली होती, मेथीनेच. साफ केली, पुढच्या दाढेचा आरव्हीजी काढला, कीड नाही. मी काड्यांचा हिशोब सांगितला. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "पप्पा, काड्या तिला एकटीला जमावं म्हणून सांगितल्या होत्या. तुम्हीच करताय तर रोल घ्या ना." पन्नास मीटरचा रोल दीडशेच्या आतच, रोज दीड फूट लागतो, तीन महिने आरामात जातात. म्हणजे खर्च निम्म्यावर. हे आधीच का नाही सांगितलं हा प्रश्न माझा आहेच, पण तपासणीचे पैसे घेतले नाहीत म्हणून विचारला नाही. पुढची दाढ पडून तिच्या जागी कायमचा दात आला की ही फट बहुधा बुजेल असंही म्हणाल्या. चार देतो.

पुढच्या दातावरच्या ठिपक्याचं बायकोला फार वाटतं, कॅप दिसत नाही पण हा हसताना दिसतो. मॅडम म्हणाल्या दुखत नाही तोवर हात लावायला नको, मोठी झाल्यावर बघू. दर काही महिन्यांनी फ्लोराइड वार्निश लावतात. गावच्या पाण्याच्या धास्तीने आई हिच्यासाठी फ्लोराइड नसलेली कार्टूनवाली पेस्ट आणायची, ती बंद करून साधी १००० पीपीएम फ्लोराइडची सुरू केलीये, वाटाण्याएवढी, आणि थुंकायला लावायचं. पेस्टच्या खोक्यावर पीपीएम वाचा, बारीक अक्षरात असतं. आणि कॅपही जन्मभराची नाही, अठराच्या पुढे सिरॅमिकची करावी लागेल, तो खर्च वेगळा.

ज्यांना साडेतीन हजारही जड आहेत त्यांच्यासाठी: मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे सरकारी डेंटल कॉलेजं आहेत, तिथे मुलांच्या दातांचा वेगळा विभाग असतो, खर्च खाजगीपेक्षा पुष्कळ कमी.

आता दुसऱ्या बाजूच्या दाढेवरही एक पिवळा डाग आहे, अजून तुकडा उडालेला नाही, मॅडमनी खाचांमध्ये जीआयसी भरून ठेवलंय, त्याचे आठशे. संक्रांतीला तिळगुळाची वडी दिली, चिक्की मात्र लपवून ठेवलीये. कुणाच्या पोराला दोन्ही बाजूंना कॅप असेल तर सांगा, फ्लॉसचा कुठला रोल स्वस्त पडतो आणि मेण लावलेला घ्यावा की साधा? आमचा साधा कॅपच्या कडेला तुटतो.