ज्युपिटर-८ आणि नापास झालेली रिंग

भोसरीच्या एका कारखान्यात मी क्वालिटीला आहे. दुसऱ्यांनी केलेले जॉब मोजायचे आणि नापास करायचे, हे माझं रोजचं काम. तेव्हा हा रिव्ह्यू जरा खडूस वाटला तर चालवून घ्या.

लेन्स आहे ज्युपिटर-८, ५० मिमी, एफ/२. (एफचा आकडा म्हणजे ॲपर्चर, लेन्सचं तोंड किती उघडं ते; आकडा वाढला की तोंड बारीक.) कॅमेरा सोनी ए७ मार्क २. लेन्सचा नंबर ६१ ने सुरू होतो, म्हणजे १९६१ ची. मॉस्कोजवळच्या क्रास्नोगोर्स्कच्या कारखान्यात पहिले दोन आकडे बहुधा सालाचेच असत. मूळ डिझाइन जर्मन. झाइस कंपनीच्या लुडविग बेर्टेलेने १९३० च्या दशकात कॉन्टॅक्स कॅमेऱ्यासाठी केलेली सोनार ती हीच. दुसऱ्या महायुद्धानंतर झाइसच्या येना शहरातली यंत्रं, ड्रॉइंग्ज, काच सगळं सोव्हिएत संघाने भरपाई म्हणून नेलं आणि सोनार रशियन नावाने निघू लागली. ज्युपिटर म्हणजे आपला गुरू. माझ्याकडे मात्र हे गुरुजी शनिवारी आले, कस्टम ड्युटी भरून, जुन्या ग्रीसचा वास घेऊन.

आधी टॉर्च मारून काच बघितली. आपल्याकडच्या पावसाळ्यात लेन्सला बुरशी धरते ते माहीत होतं, पण ही थंड मुलखातून आलेली असल्याने आत कोळ्याच्या जाळ्यासारखं काही नव्हतं. दोन बारीक ओरखडे होते, त्याने फोटोला काही होत नाही. आता ती सिलिका जेल घातलेल्या हवाबंद डब्यात असते.

ही लेन्स सोनीला जोडायचा हिशोब सोपा आहे. ती रेंजफाइंडर कॅमेऱ्याची, म्हणजे लेन्समधून न बघता वेगळ्या खिडकीतून फोकस जुळवायच्या कॅमेऱ्याची. त्यात मधे आरसा नसतो, त्यामुळे लेन्स फिल्मच्या जवळ बसते: हिला लायका या जर्मन कॅमेऱ्याचे ३९ मिमी आटे आहेत, त्यांना हे अंतर २८.८ मिमी. सोनीचं १८. मधल्या १०.८ मिमीची भर घालणारी रिंग म्हणजे ॲडॉप्टर. त्यात काच नाही, वायर नाही, काहीच नाही. म्हणून मीही सगळ्यांसारखा विचार केला, की यात बिघडायला आहे काय, आणि साडेआठशेची सगळ्यात स्वस्त रिंग मागवली.

रविवारी गच्चीवरून लांबची पाण्याची टाकी धरली. टाकी तर स्पष्ट झाली, पण लेन्सवरची खूण अनंताच्या बरीच अलीकडे, बारा मीटरच्या आसपास. शिवाय फ्रेमची डावी बाजू मऊ. कॅमेरा उलटा धरून परत फोटो काढला, तरी फ्रेमची तीच बाजू मऊ. म्हणजे दोष हवेतल्या धुळीचा नाही, सामानाचा.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत रिंग स्टँडर्ड रूममध्ये, म्हणजे मोजमापाच्या खोलीत नेली. तिथे तापमान २० अंश ठेवलेलं असतं, त्यामुळे बाहेर भर उन्हात येणारी माणसं एरवीही डबा खायला तिथेच घुटमळतात. ग्रॅनाइट प्लेटवर रिंग ठेवली, बारीक फरक दाखवणारा सुईचा डायल लावला, हळूहळू फिरवली. जाडी सरासरी १०.६. हे मी समजू शकते: जाडी जरा जास्त झाली तर लांबचं कधीच स्पष्ट होणार नाही, म्हणून बनवणारे मुद्दाम कमी ठेवतात. ०.२ मिमी कमी पडले की ५० मिमीच्या लेन्सला अनंत साडेबारा मीटरच्या खुणेवर येतो, गणित अगदी जुळलं. पण सुई अजून हलतच होती. एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत ०.११ मिमीचा फरक. म्हणजे लेन्स सेन्सरसमोर तिरकी उभी. एफ/८ ला ते झाकलं जातं, एफ/२ ला नाही. आमच्याकडे असा जॉब आला असता तर लाल टॅग लावून परत गेला असता. विकणाऱ्याला आकड्यांसह फोटो पाठवले. उत्तर आलं, ‘मॅडम, लेन्स बसते ना?’

दुसरी खरेदी शहाणपणाची केली. आटेवाल्या लेन्सवर एक मिलिमीटर जाडीची लायका एम (लायकाची नंतरची, आट्यांशिवायची बैठक) रिंग आणि त्यामागे एम ते सोनी असा फिरता ॲडॉप्टर, जो फिरवला की सगळी लेन्स पाच मिमी पुढे सरकते. दोन्ही मिळून चार हजारांच्या वर गेले. मोजलं तर तिरकेपणा ०.०२ च्या आत. पास.

या सरकण्याचं मोल मला आईमुळे कळलं. आई घरी साड्यांना फॉल-बीडिंग करते. ज्युपिटर मुळात एक मीटरच्या आत येतच नाही, त्यामुळे आधीच्या फोटोंत आई यायची, सुई नाही. फिरत्या ॲडॉप्टरने साधारण ४३ सेंटिमीटरवर गेले आणि अंगुस्तानावरचे खड्डे मोजता आले. मागची खिडकी लोण्यासारखी वितळलेली. आईने फोटो बघून विचारलं, ‘साडी धुवून रंग गेल्यासारखी का दिसतेय गं?’ बरोबर पकडलं तिने. एफ/२ ला समोरून उजेड आला की ही लेन्स सगळ्यावर दुधाची साय धरते. हात आडवा धरला की कमी होते. एफ/४ ला तीच लेन्स एकदम कडक.

रेंजफाइंडरवाल्यांचा एक जुना वाद इथे आपोआप मिटतो. सोव्हिएत लेन्सची फोकसची जुळणी कॉन्टॅक्सच्या मापाने केलेली, लायकाची वेगळ्या. त्यामुळे लायकावर ही लेन्स जवळच्या माणसाला चुकवते. सोनीत आपण थेट सेन्सरवरची प्रतिमाच मोठी करून बघतो, मग कसली जुळणी. सोनार जातीची दुसरी खोड, ॲपर्चर बारीक केलं की फोकस मागे सरकण्याची, तीही तशीच सुटते. ज्या ॲपर्चरला फोटो काढायचा त्यालाच फोकस करायचा.

वैताग एकच, पण रोजचा. फोकस फिरवला की पुढची ॲपर्चर रिंगही सोबत गरगरते, आणि तिला क्लिक नाही. एफ/४ वर ठेवलंय म्हणून काढलेले अर्धे फोटो बहुधा एफ/२.८ चे निघाले, आणि कॅमेऱ्याला आकडा कळतच नसल्याने ते नंतर तपासायलाही काही नाही. शेवटी लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला.

घेणार असाल तर मेन्यूत लेन्सशिवाय शटर चालू होण्याची सेटिंग आधी करा, आणि स्टेडीशॉटमध्ये (हात हलला तरी फोटो स्थिर ठेवणारी सोय) ५० हाताने भरा. झेनिट या आरशाच्या सोव्हिएत कॅमेऱ्याच्या जुन्या लेन्सनाही हेच ३९ मिमीचे आटे असतात, त्या घेऊ नका, त्यांना ४५.२ मिमी अंतर लागतं, इथे काहीच फोकस होणार नाही. आणि रुंद, म्हणजे जास्त परिसर टिपणाऱ्या लेन्सच्या मोहात पडण्याआधी कुणाची तरी मागून बघा. एका सहकाऱ्याची ३५ मिमीची ज्युपिटर-१२ लावली होती, तिची मागची काच लिंबाएवढी आत घुसते. सेन्सरवर काचेचा जाड थर असतो, फिल्मवर नव्हता. कडेने तिरके येणारे किरण त्यात भरकटतात आणि कोपऱ्यातली झाडं फिसकटतात. पन्नासला हा त्रास मला नावापुरताच दिसला.

लेन्सला पाचपैकी चार. फिरत्या ॲडॉप्टरला पाच. पहिली रिंग मी टाकली नाही. नवीन ॲप्रेंटिस पोरं आली की समांतरता मोजायला तीच देते. गेल्या महिन्यात एकाने ०.०३ काढून दाखवले, त्याला परत मोजायला बसवलंय.