आर-टेन की फिनाले मॅच? आधी झाकणावरचं माप वाचा

क्रीडा मानसशास्त्रज्ञ भीष्मराज बाम सरांच्या नाशकात एअर रायफल शिकणाऱ्या मुलांच्या मनाच्या तयारीकडे पालक आवर्जून लक्ष देतात. रायफलवर लाखांनी खर्च करतात. पेलेटची, म्हणजे शिशाच्या छर्‍यांची, मात्र दुकानात असेल ती डबी उचलतात, आणि गुण तिथेच गळतात.

आरडब्ल्यूएसची आर-टेन आणि एच अँड एनची फिनाले मॅच, दोन्ही अव्वल. रायफलसाठी 0.53 ग्रॅमची घ्यायची. टोक सपाट, त्यामुळे कागदावर भोक गोल, स्वच्छ पडतं. आर-टेन 0.45 ग्रॅमचीही येते, ती पिस्तूलवाल्यांची. घाईत नेमकी तीच घरी येते. खरा फरक पडतो तो पेलेटच्या डोक्याच्या व्यासाने: 4.49, 4.50 की 4.51 मि.मी., हे माप झाकणावर असतं. प्रत्येक बॅरलची, म्हणजे नळीची, पसंती वेगळी, अगदी एकाच मॉडेलच्या दोन रायफलींचीही. मैत्रिणीला चाललेली डबी तुमच्या मुलीला चालेलच असं नाही.

रायफल व्हाइसमध्ये, म्हणजे शिकंजात, घट्ट बसवून 10 मीटरवर तपासा. पेलेट बदलल्यावर पहिले दहाएक शॉट धरू नका, बॅरलमध्ये आधीच्या शिशाचा थर असतो. मग प्रत्येक मापाचे पाच-पाच शॉटचे तीन ग्रुप घ्या. व्हर्निअरने सर्वांत लांबच्या दोन भोकांच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर मोजा आणि पेलेटच्या व्यासाचे 4.5 मि.मी. वजा करा. बाहेरून 6 मि.मी. आलं तर केंद्रांमधलं अंतर 1.5, म्हणजे ढोबळमानाने मध्यापासून 0.75 मि.मी. नेम चोख असेल तर शॉटचे गुण 10.7 च्या खाली जाणार नाहीत (कमाल 10.9). तेच माप 8 आलं, तर बिनचूक सुटलेला शॉटही 10.3 वर येऊ शकतो आणि पोर उगाच ट्रिगरला दोष देत बसते.

माप ठरलं की लॉट नंबर, म्हणजे उत्पादनाच्या खेपेचा क्रमांक, बघा. तेच नाव, तेच माप, पण लॉट बदलला की ग्रुप बदलू शकतो. म्हणून स्पर्धेपुरत्या डब्या एकाच लॉटच्या, एकदमच घ्या. रोजच्या सरावाला आरडब्ल्यूएसची माइस्टरकुगेल्न पुरेशी आहे. रोज 60 शॉट मारले तर 500 ची डबी आठ दिवसांत संपते, तिथे आर-टेन जाळण्यात अर्थ नाही. मात्र स्पर्धेच्या दोन-तीन आठवडे आधी स्पर्धेच्याच पेलेटवर या.

कुरिअरने मागवलेली डबी चेपलेली असेल तर परत करा. पेलेटची मागची पातळ कड, म्हणजे स्कर्ट, जरा दबली तरी हवा एका बाजूने निसटते आणि शॉट भरकटतो. शंका आली तर पेलेट काचेवर घरंगळवा, वाकडी लगेच डुगडुगते. पावसाळ्यात डबी बंद डब्यात सिलिका जेलची पुडी टाकून ठेवा; शिशावर पांढरी भुकटी दिसली तर ती पेलेट बॅरलमध्ये घालू नका. आणि पेलेट हाताळल्यावर साबणाने हात धुतल्याशिवाय मुलांना जेवणाच्या डब्याला हात लावू देऊ नका, शिसं पोटात जातं.