मेलची फाईल सारखी लॉक होतेय: आउटलुक ठेवू की थंडरबर्डवर जाऊ?

'फाईल दुसरीकडे वापरात आहे' हे दुखणं या दोन्ही मेल प्रोग्रॅमकडे आहे, पण औषध वेगळं.

आधी क्लासिक आउटलुक, म्हणजे कॉम्प्युटरवर बसवलेलं जुन्या धाटणीचं. त्याची पीएसटी म्हणजे मेल, कॅलेंडर, कॉन्टॅक्ट सगळं एकाच फाईलमध्ये, 2010 च्या आवृत्तीपासून डिफॉल्ट मर्यादा 50 जीबी, त्यामुळे ती एक फाईल कुणी धरून बसलं की सगळंच अडतं. बऱ्याचदा धरणारं आउटलुकच असतं, खिडकी बंद केली तरी मागे चालूच राहतं, टास्क मॅनेजरमधून बंद केलं की सुटतं. नाही सुटलं तर रिसोर्स मॉनिटर उघडा, सीपीयू टॅबमध्ये हँडल्सच्या सर्चमध्ये फाईलचं नाव टाका, कोणी पकडलंय ते नावासकट दिसतं. मला तिथे सिंकवाला (फाईल्स आपोआप क्लाउडवर चढवणारा) प्रोग्रॅम दिसला, आणि त्याआधी दोन तास मी स्कॅनपीएसटी हे आउटलुकचं दुरुस्तीचं टूल चालवत बसलो होतो. ते टूल बिघडलेल्या फाईलसाठी आहे हो, लॉक फाईल तेही उघडू शकत नाही.

थंडरबर्डमध्ये लॉक सोडवणं सोपं. 'आधीच चालू आहे पण प्रतिसाद देत नाही' असं आलं तर त्याची उरलेली प्रोसेस बंद करायची, मग प्रोफाइल फोल्डरमधली (थंडरबर्ड मेल आणि सेटिंग्ज ठेवतं तो फोल्डर) पॅरेंट डॉट लॉक फाईल उडवायची (विंडोजवर हे नाव, लिनक्सवर लॉक आणि डॉट पॅरेंटलॉक). तिच्यात मेल नसतात, घाबरू नका. भीती वेगळीच आहे. इथे प्रत्येक फोल्डर म्हणजे एक मोठी फाईल, त्यामुळे एका मेलमध्ये व्हायरस सापडला तर अँटीव्हायरस अख्खा इनबॉक्स उचलून क्वारंटाईनमध्ये, म्हणजे वेगळा कोंडून, टाकू शकतो, म्हणून प्रोफाइल फोल्डर स्कॅनमधून वगळा.

आता ठरवायचं कसं? ऑफिसचं एक्स्चेंज (मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर) असेल तर आउटलुकच ठेवा, तिथली ओएसटी ही सर्व्हरवरच्या मेलची कॉपी, बिघडली तरी परत तयार होते. पण पॉप अकाउंट (मेल सर्व्हरवरून मशीनवर उतरवून घेणारं) असेल आणि मेल फक्त तुमच्याच मशीनवर असतील तर मी थंडरबर्ड घेईन, लॉक निघतं पटकन आणि फोल्डर वेगवेगळ्या फाईलमध्ये असल्याने एक अडला तर बाकीचे वाचतात.

काहीही घ्या, चालू फाईल सिंक फोल्डरमध्ये किंवा नेटवर्क ड्राईव्हवर ठेवू नका, पीएसटी नेटवर्कवरून वापरायला तर मायक्रोसॉफ्टच नको म्हणतं. बॅकअप घ्यायचा तर प्रोग्रॅम पूर्ण बंद करून, आणि लॉक फाईल उडवायच्या आधी प्रोफाइल फोल्डरची एक कॉपी काढाच.