जुन्या फील्ड कॅमेऱ्याची फुटकी दुधी काच: विकत घ्यावी, घासावी की अ‍ॅक्रिलिक लावावं?

फील्ड कॅमेरा म्हणजे घडी होणारा मोठ्या मापाचा कॅमेरा. त्याच्या मागच्या दुधी (फोकसिंग) काचेवर चित्र पाहून फोकस जुळवतात, मग तिथेच फिल्म किंवा प्लेट घालतात. ही काच फुटली तर काय करावं, ही निवड कॅमेऱ्याच्या, म्हणजे त्यात बसणाऱ्या फिल्मच्या, मापावर ठरते. ४×५, ५×७ किंवा ८×१० इंची कॅमेरा असेल तर तयार फोकसिंग काच मागवावी. केरळात आलप्पुळ्यात बनलेला वागीश्वरी कॅमेरा किंवा जुना इंग्लिश हाफ प्लेट (६½×४¾ इंच) असेल तर तयार काच क्वचितच मिळते, आणि मिळाली तरी लाकडी खाचेत नीट बसेलच असं नाही. तिथे घासून करणं बरं.

तयार काचेचा दाणा एकसारखा असतो आणि बहुधा रेघांची जाळीही आखलेली मिळते. पैसे मात्र काचेपेक्षा टपाल आणि कस्टमवर जास्त जातात. मागवण्याआधी जाडी आणि कोपरे कापलेले आहेत का, हे विचारून घ्या. कोपऱ्यातून डोकावल्यावर लेन्सचं छिद्र पूर्ण गोल दिसलं, तर प्लेटचा (फोटोचा) काळा पडणार नाही. शिवाय बेलोज (लेन्स आणि काचेमधला घडीचा भाता) मिटताना हवा तिथूनच निघते. दारं-खिडक्यांची सँडब्लास्ट काच कुणी स्वस्तात देऊ केली तर नको म्हणा. तिच्या जाड दाण्यात बारीक तपशील हरवतो.

घासायची असेल तर फ्रेमवाल्याकडची साधी २ मिमी काच पुरते. खाच मोजून लांबी-रुंदीत प्रत्येकी १ मिमी कमी ठेवा आणि दोन-तीन तुकडे एकदम कापून घ्या, कारण पहिला बहुतेक बिघडतो. आधी धारदार कडा ओल्या वॉटर पेपरने घासून बोथट करा (याला कडा मोडणं म्हणतात). हे टाळलं तर कडेची कपची सुटून घासायच्या पुडीत मिसळते आणि मधोमध लांब ओरखडा काढते. मग सपाट ग्रॅनाइटवर ओला वर्तमानपत्राचा कागद आणि त्यावर काच. अर्धा चमचा ४०० ग्रिट (आकडा जितका मोठा तितका दाणा बारीक) सिलिकॉन कार्बाइडची घासायची पूड पाण्यात पातळ आंबिलीसारखं कालवा आणि कडा मोडलेल्या ५ सेंमी काचेच्या तुकड्याने इंग्रजी आठाच्या आकारात फिरवा. सुरुवातीची खरखर मऊ झाली की पूड झिजली, नवी घाला. पंधराएक मिनिटांनी धुऊन, सुकवून तिरप्या उजेडात धरा. चकाकणारे डाग म्हणजे तिथे घासणी पोचलेलीच नाही.

६०० ग्रिटकडे जाताना हात, तुकडा, लादी सगळं नळाखाली धुवा. ४०० चा एक दाणा राहिला तरी मेहनत वाया. याहून बारीक पुडीने चित्र उजळतं, पण मधोमध झगझगीत ठिपका येतो आणि कोपरे अंधारतात. वाइड लेन्स असेल तर ६०० वरच थांबा. गॅरेजवाल्यांची इंजिनाचे व्हॉल्व्ह घासायची पेस्ट हाताशी असते खरी, पण ती तेलकट आणि या कामाला जाड. कोरडं कधी घासू नका, पूड फुप्फुसात जाते. गाळ बेसिनमध्येही ओतू नका, पाइपात घट्ट बसतो.

अ‍ॅक्रिलिक साइनबोर्डवाला कापून देतो, ६०० च्या वॉटर पेपरने दहा मिनिटांत दुधी होतं आणि पडलं तरी फुटत नाही. पण स्थिर विजेने धूळ ओढतं आणि उन्हात पोट काढतं. मध्ये अर्धा मिमी पोट म्हणजे तितकीच फोकसची चूक. प्रवासात सुटी काच म्हणून ठेवा, कायमची नको.

कुठलीही काच असो, दुधी बाजू लेन्सकडेच. २ मिमी काच उलटी बसली तर फोकस सुमारे १.३ मिमी चुकतो, आणि एफ ५.६ ला (लेन्सचं छिद्र बरंच उघडं असताना) एवढी चूक स्पष्ट दिसते. ४×५ च्या प्रमाणित होल्डरची (फिल्म ठेवायच्या सपाट पेटीची) खोली ०.१९७ इंच असते, फिल्मची ०.००७ इंच जाडी वजा केली की मागच्या चौकटीपासून दुधी पृष्ठभाग ०.१९० इंचांवर, म्हणजे सुमारे ४.८ मिमीवर हवा. हाफ प्लेटच्या लाकडी होल्डरांना असं प्रमाण गृहीत धरू नका. प्रत्येकात फिल्म किंवा प्लेट घालून तिच्या पृष्ठभागापर्यंतची खोली व्हर्नियरने मोजा. काच जास्त पुढे, लेन्सकडे येत असेल तर खाचेत साध्या झेरॉक्स कागदाच्या पट्ट्या घाला. एक पट्टी साधारण ०.१ मिमी.

जाळी हवी असेल तर दुधी बाजूवर एचबी पेन्सिलने आखा, चुकली तर साबणाने निघते.