विंडो आणि टॅब बदलायचे शॉर्टकट बदलून सात महिने झाले, त्याचा अनुभव

माझं काम भाषांतरं तपासायचं, म्हणजे दिवसभर एक मूळ फाईल, एक वर्ड, एक मेल आणि ब्राउझरमध्ये पंधरा-वीस टॅब, आणि सतत इकडून तिकडे. विंडोज 11 आहे. विंडो बदलायच्या ऑल्ट-टॅबचा खरा त्रास काय तर त्यातला क्रम शेवटी काय वापरलं त्यावरून ठरतो, त्यामुळे वर्ड कधी दुसऱ्या नंबरवर कधी चौथ्या, दरवेळी डोळ्यांनी शोधायचं आणि तेवढ्यात डोक्यातलं वाक्य जातं. त्यात एज ब्राउझरचे टॅबसुद्धा त्याच रांगेत दिसायचे, ते सेटिंग्जमध्ये सिस्टीम, मग मल्टीटास्किंगमध्ये जाऊन आधी बंद केलं.

काही इन्स्टॉल करायच्या आधी एवढं करून बघा: विंडोज की आणि 1 दाबलं की टास्कबारवरचं पहिलं अॅप उघडतं, 2 ला दुसरं, असं. मी वर्ड पहिलं पिन केलं, ब्राउझर दुसरा. ब्राउझरमध्ये कंट्रोल आणि 1 ते 8 म्हणजे त्या त्या नंबरचा टॅब, 9 म्हणजे शेवटचा, कितीही असले तरी. शब्दकोशाचा टॅब पिन केला की तो डावीकडेच राहतो, मग कंट्रोल-1 म्हणजे शब्दकोश, बघायलाच लागत नाही! माझा निम्मा त्रास इथेच संपला.

बाकीच्यासाठी पॉवरटॉइज या मायक्रोसॉफ्टच्या मोफत प्रोग्रॅममधला, शॉर्टकट बदलून देणारा कीबोर्ड मॅनेजर घेतला, कारण क्रोममध्ये टॅब बदलायचे शॉर्टकट आतून बदलता येत नाहीत आणि कंट्रोल-शिफ्ट-टॅब दाबून दाबून माझं मनगट दुखायला लागलं होतं. आधी ऑल्ट-डी ठेवलं पुढच्या टॅबला, तर अॅड्रेस बारवर जायची सोय गेली. मग ऑल्ट-एस, फक्त ब्राउझरपुरतं. पण बोटांना कुठे कळतंय आपण कुठल्या विंडोत आहोत, मेल लिहिताना सवयीने तेच दाबलं आणि माझ्या मेलच्या प्रोग्रॅममध्ये ऑल्ट-एस म्हणजे सेंड. अर्धा मेल गेला, तोही क्लायंटला. त्या दिवसापासून कुठलीही जोडी ठरवायच्या आधी ती बाकीच्या अॅपमध्ये चुकून दाबली तर काय होतं ते बघते. आता ऑल्ट-क्यू मागे, ऑल्ट-डब्ल्यू पुढे. वर्डमध्ये चुकून दाबलं तर सर्च किंवा व्ह्यू उघडतं, एस्केप दाबलं की संपलं.

एक गोष्ट मला आठवडाभर छळत होती: अॅडमिन म्हणून (म्हणजे अॅडमिनिस्ट्रेटरच्या जादा परवानगीने) उघडलेल्या विंडोत हे शॉर्टकट चालतच नाहीत. पॉवरटॉइजसुद्धा अॅडमिन म्हणून चालवलं की चालतात. आणि ते मागे चालू नसेल तर सगळं मूळपदावर, म्हणून कॉम्प्युटर सुरू झाला की ते आपोआप सुरू होईल असं करून ठेवा.